अण्णांच्या खोलीत तंबोरा नुसता घुमतो, काय करू?

विश्रामबाग_सांगली:
माझे वडील ७६ वर्षांचे. जन्मभर किराणा घराण्याचं गाणं ऐकत आले, मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या मैफिली चुकवल्या नाहीत. आता गुडघ्यांमुळे जाणं होत नाही, म्हणून दिवाळीत अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर घेऊन दिले. खोली १० बाय १२, फरशी, उघड्या भिंती. स्पीकर दोन कोपऱ्यांतल्या कपाटांवर आहेत. अण्णांची आरामखुर्ची समोरच्या भिंतीला टेकलेली. ते म्हणतात, "गाणं वरनं पडतंय आणि तंबोरा घुमतोय." डग्गा तर नुसता ढब ढब. दुकानदार सबवूफर, म्हणजे खालच्या आवाजाचा वेगळा स्पीकर, घ्या म्हणतो. हेडफोन दिले तर दहा मिनिटांत काढून ठेवतात.

मिरजेचा_तंबोरेवाला:
ताई, सबवूफर घेऊ नका. घुमणारी खोली त्यानं आणखी घुमेल.

तीस वर्षं मी तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढतोय, म्हणजे तारांची झणकार जमवतोय, तेव्हा त्यावरनंच सांगतो. घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासायची, तारेखाली दोरा केसभर सरकवायचा, हा सगळा खटाटोप खर्जातून, म्हणजे सगळ्यांत खालच्या 'सा'च्या तारेतून, स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता आपोआप ऐकू येणारा 'ग', उमटावा म्हणून. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळी पट्टीचा) खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा, पण तंबोऱ्याची ओळख त्याच्या कितीतरी वरच्या स्वरांत असते. तुमच्याकडं खालचा नाद फुगलाय आणि गंधार त्यात बुडालाय.

१० फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा नाद अडकून घुमतो, १२ फुटांत ४७ च्या. कोपऱ्यातला स्पीकर हे सगळे नाद एकदम उठवतो आणि ते भिंतीलगत साचतात. अण्णा नेमके तिथंच बसलेत. आधी त्यांची खुर्ची दीड-दोन फूट पुढं घ्या. मग स्पीकर खाली उतरवा. वरचा लहान गोल, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या अण्णांच्या कानाच्या उंचीला यायला हवा. मागच्या भिंतीपासून दीड फूट, बाजूच्या भिंतीपासून दोन फूट सोडा. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून अण्णांपर्यंत. तोंडं थोडी आत वळवा. लाल वायर लालला, काळी काळ्याला आहे ना तेही बघा. एकीकडं उलटी लागली तर गायक मधोमध बसतच नाही आणि खालचा नाद पातळ होतो.

मग खोलीत टाळी वाजवा. टर्रर्र असा आवाज परत आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींपैकी एकीवर जाड पडदा, जमिनीवर सतरंजी. पडद्यानं खालचा नाद मात्र आवरत नाही, तो जागा बदलूनच आवरतो. चाचणीला नुसता तंबोरा लावा, गाणं नको. चारही तारा वेगळ्या ऐकू येईपर्यंत इंच-इंच सरकवत राहा.

साताऱ्याहून:
हेडफोनबद्दल. जुनी बरीच ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. ती हेडफोनवर कपाळाच्या मागं, डोक्याच्या आत ऐकू येतात. मैफिलीत समोर बसून ऐकलेल्या माणसाला ते नको वाटणारच, त्यात अण्णांची चूक नाही. रात्री लागले तर उघड्या पाठीचे, म्हणजे ओपन-बॅक, घ्या. त्यांत कान कोंडत नाही. फोनवरून ऐकणार असाल तर ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आसपासचे बघा, ३०० ओहमचे बरेचसे फोन नीट पेलत नाहीत. आणि आवाजाला आवर घाला. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो.

विश्रामबाग_सांगली:
रविवारी भावाला बोलावून सगळं केलं. वायरी बरोबर होत्या. सर्वांत जास्त फरक खुर्ची पुढं घेतल्यावर पडला, स्पीकरला हात लावायच्या आधीच डग्ग्याचं ढब ढब निम्मं झालं. स्पीकर आता दोन उंच स्टुलांवर आहेत, खाली आईची जुनी वाकळ अंथरली. तंबोरा लावला तेव्हा अण्णा डोळे मिटून बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पंचम जरा उतरलाय." रेकॉर्डिंगमधलाच तो बेसूर 'प', पण ऐकू आला!

उजवा स्पीकर दाराच्या आड येतोय. तो फूटभर डावीकडं घेतला तर दुसराही तेवढाच सरकवावा लागेल का?

मिरजेचा_तंबोरेवाला:
त्यापेक्षा दोन्ही स्पीकर सहा-सहा इंच आत घ्या, आणि खुर्ची तेवढ्या प्रमाणात जवळ. पंचम उतरलेला कळला म्हणजे अण्णांचे कान शाबूत आहेत, आवाज वाढवू नका.