घरी केलेलं केसांचं जेल, मेण आणि फवारा: आपापली नेमकी कृती सांगा (अनुभव धागा)

शिकेकाई, रिठे, नागरमोथा, जास्वंदीची पानं यांवर पुष्कळ बोलून झालंय. केस धुऊन झाल्यावर काय, यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. कुरळे केस वळणात राहावेत, अंबाड्याच्या कडेचे बारीक केस बसावेत, पातळ केस जरा भरल्यासारखे दिसावेत, यासाठी घरी काय करता ते इथे लिहा. "थोडंसं", "अंदाजाने" नको. चहाचा चमचा ५ मिली, मोठा चमचा १५ मिली आणि कप २४० मिली धरू. आणि काय बिघडतं, का बिघडतं, ते आवर्जून लिहा. कृती सगळीकडे सापडते, बिघाडाचं कारण सापडत नाही.

नागपूर

सुरुवात जवसापासूनच व्हायला हवी. आमच्याकडे चटणीसाठी घरात असतोच. पण चटणीसाठी भाजून ठेवलेला जवस जेलला चालत नाही. चिकट द्रव्य बीच्या सालीत असतं आणि भाजल्यावर ते नीट सुटत नाही. पूडही नको, ती कापडातून खाली उतरते आणि केसांत कोंड्यासारखी दिसते. कच्चा, अख्खा, पाखडून घेतलेला जवस हवा.

पाव कप जवस, म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम, आणि २ कप पाणी. बोअरचं जड पाणी असेल तर गाळणयंत्राचं घ्या, नाहीतर केसांवर क्षारांचा निस्तेज थर बसतो. पातेलं उंच घ्या, कारण फेस दुधासारखा वर येतो. मध्यम आचेवर उकळी आली की आच कमी करून ढवळत राहा, नाहीतर बिया तळाला धरतात. उकळी आल्यापासून ७ मिनिटांनी बघायला लागायचं. चमचा वर उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की लगेच गॅस बंद. "अजून घट्ट होऊ दे" म्हणून २ मिनिटं जास्त ठेवलंत की संपलं, कारण गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं आणि तसंच गाळता येत नाही.

गाळायचं गरम असतानाच. चहाच्या गाळणीची जाळी बुजते. सुती कापड निम्मं जेल स्वतःच पिऊन टाकतं. जुना धुतलेला नायलॉनचा पायमोजा सर्वांत उत्तम: पातेल्यावर ताणून धरायचा, मिश्रण ओतायचं, वर गाठ मारायची आणि सांडशीने दाबत खाली आणायचं. हाताने पिळू नका, या चिकट पाण्याचा चटका कातडीला धरून बसतो. एवढ्यात अडीचशे ते तीनशे मिली जेल निघतं. फारच घट्ट झालं आणि गाळायचं राहिलं, तर अर्धा कप उकळतं पाणी घालून पुन्हा गरम करा, सुटतं.

गाळण्याचा त्रासच नको असेल तर जवस मलमलच्या पोटलीत सैल बांधून उकळायचा आणि पोटली उचलून घ्यायची. बिया फुगतात, म्हणून पोटली तिप्पट मोठी हवी. जेल थोडं पातळ मिळतं. उरलेल्या बिया मोरीत टाकू नका, नळी तुंबते. काही मिसळलेलं नसेल तर थालीपिठाच्या पिठात मळा.

पुणे

नागपूरच्या ताईंनी कृती पूर्ण दिली आहे, मी लावण्याबद्दल लिहिते. कारण जेल चांगलं होऊनही "पांढरे कण पडतात" ही तक्रार सगळीकडे आहे, आणि चार वेगवेगळ्या कारणांना तोच एक शब्द वापरला जातो.

पहिलं कारण, केस पुरेसे ओले नसतात. जेल निथळत्या केसांवर लावायचं असतं. टॉवेलने कोरडे करून लावलं की ते सरकत नाही, ठिकठिकाणी गोळा होऊन वाळतं. दुसरं, आधी लावलेल्या क्रीमशी जेलचं जुळत नाही. हे केसांवर लावण्याआधीच कळतं: तळहातावर दोन्ही वाटाण्याएवढं घेऊन बोटाने फिरवा. गुळगुळीत राहिलं तर ठीक, फाटलेल्या दुधासारखे कण दिसले तर केसांवरही तेच होणार. तिसरं, वाळताना हात लावणं. जेल वाळलं की बटांवर कडक पापुद्रा येतो. तो अर्धवट ओला असताना मोडला तर चुरा होतो. केस पूर्ण, अगदी मुळाशीसुद्धा वाळू द्या, मग तळहातावर खोबरेलाचे ३-४ थेंब चोळून बटा खालून वर मुठीत दाबा. पापुद्रा मोडतो, वळण राहतं, केस मऊ होतात. ही पायरी माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी जेल वाईट समजून टाकून देतात, याचं वाईट वाटतं. चौथं कारण साधं आहे, जास्त लावणं. खांद्यापर्यंतच्या दाट केसांना २ ते ३ मोठे चमचे पुरतात.

मोठ्या दातांच्या फणीने गुंता काढायचा तो जेल लावायच्या आधी. नंतर फणी फिरवली की बटा तुटतात आणि सुटे केस वर येतात.

मालवण

कोकणातल्यांसाठी वेगळं लिहायला हवं. जवसाच्या जेलमध्ये ग्लिसरीन घालायचा सल्ला सरसकट दिला जातो. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या हवेत ओलाव्याला तोटा नसतो, त्यामुळे केस तासाभरात फुगून उभे राहतात आणि जेलचा थर चिकट होतो. पावसाळ्यात ग्लिसरीन शून्य. मधही नको, कोरफडही कमी. उलट जेल नेहमीपेक्षा घट्ट ठेवा, ४५ ऐवजी ६० ग्रॅम जवस. डिसेंबर-जानेवारीत १०० मिली जेलला २ मिली ग्लिसरीन चालतं.

भेंडीचंही जेल होतं. जून झालेल्या ८ ते १० भेंड्या, चकत्या करून, २ कप पाण्यात मंद आचेवर १० ते १२ मिनिटं. गरमच गाळायचं. जून भेंडी भाजीला फुकट जाते, इथे कामाला येते. हे जेल जवसापेक्षा बुळबुळीत असतं, गुंता सोडवायला फार चांगलं, पण पकड कमी. निम्मं भेंडीचं, निम्मं जवसाचं असं मिश्रण लांब कुरळ्या केसांना शोभतं. तोटा एकच, ते लवकर नासतं. फ्रिजमध्येही ३ दिवस धरा, चौथ्या दिवशी टाकून द्या.

ठाणे

टिकण्याचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहिते, कारण या सगळ्या प्रकारांत खरा धोका इथे आहे. जेल म्हणजे पाणी आणि वनस्पतीची साखर. जिवाणूंना आणि बुरशीला यापेक्षा चांगलं जेवण नाही. स्वयंपाकघरात ठेवलेलं जेल उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी बिघडायला लागतं. फ्रिजमध्ये ७ दिवस, फार तर १०. खूण: जेल आपोआप पातळ व्हायला लागणं. जिवाणू त्यातल्या लांब साखळ्या तोडतात म्हणून तार जाते. ही खूण आंबट वासाच्या आधी दिसते. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचं काढून खालचं वापरू नका, सगळं टाका.

ई जीवनसत्त्वाची गोळी घातली की टिकतं, हा समज चुकीचा आहे. ती तेलाला खवट होण्यापासून जपते, जिवाणूंवर तिचा काही परिणाम नाही. लव्हेंडर, चहाच्या झाडाचं तेल (टी ट्री ऑइल) वगैरेही सुवासापुरत्या प्रमाणात संरक्षण देत नाही, आणि संरक्षण देईल इतकं घातलं तर टाळू भाजेल.

महिनाभर ठेवायचं असेल तर संरक्षक लागतंच. ३०० ग्रॅम जेलला सोडियम बेंझोएट १.२ ग्रॅम आणि पोटॅशियम सॉर्बेट ०.६ ग्रॅम. दोन्ही आधी चमचाभर पाण्यात विरघळवून, जेल ४० अंशांच्या खाली आल्यावर मिसळा. पण ही जोडी आम्लातच काम करते. सामू (पीएच) ५ च्या खाली, शक्यतो ४.५ च्या जवळ हवा, आणि नुसत्या जवसाच्या जेलचा त्याहून वर असतो. लिंबूफुलाचं (सायट्रिक ॲसिडचं) १० टक्के द्रावण करून थेंबथेंब घाला, ढवळा, सामूच्या पट्टीने तपासा. लिंबूफूल थेट संरक्षकाच्या द्रावणात टाकू नका, पांढरे स्फटिक खाली बसतात आणि उपयोग संपतो. दुसरा पर्याय फेनॉक्सीएथॅनॉलचा, जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे ३०० ग्रॅमला ३ ग्रॅम. यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्याच. चमच्याने मापायची ही गोष्ट नाही.

कोल्हापूर

वरचं सगळं पटलं, पण मग "नैसर्गिक" कुठे राहिलं? संरक्षक न घालता काही उपाय?

ठाणे

आहे. गोठवा. बर्फाच्या साच्यात जेल ओतून घट्ट झाकून ठेवा, एक खडा साधारण २ मोठे चमचे होतो, म्हणजे एका वेळेपुरता. आदल्या रात्री एकच खडा वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवा. महिनाभर चालतं. वितळल्यावर थोडं पातळ वाटतं, पकड बरीचशी राहते. वितळलेलं पुन्हा गोठवू नका. आणि बाटली सॉसची, दाबून काढायची घ्या. बरणीत बोटं बुडवली की मुदत निम्म्यावर येते.

नाशिक

अंबाडा, खोपा, घट्ट वेणी घालणाऱ्यांसाठी मेण. पूर्वी कुंकवाखाली लावायचं ते मधमाशांचं मेणच. फक्त ते शुद्ध आहे का पाहा. मेणबत्तीचं मेण पेट्रोलियमचं असतं, ते नको.

२० ग्रॅम मेण, ४० ग्रॅम एरंडेल, ४० ग्रॅम खोबरेल. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे थेट गॅसवर ठेवू नका. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात वाटी ठेवा. आधी मेण वितळू द्या, मग कोमट केलेली तेलं धारेने घाला. गार तेल ओतलं तर मेण लगेच गोठून गुठळ्या होतात. झाल्या तरी घाबरू नका, पुन्हा गरम करा. एक थेंब गार बशीवर टाकून २ मिनिटांनी बोटाने बघा: फार कडक तर ५ ग्रॅम तेल, फार मऊ तर २ ग्रॅम मेण.

ऋतूप्रमाणे प्रमाण बदला. खोबरेल २४-२५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून थंडीत हीच डबी दगड होते आणि मे महिन्यात पातळ. उन्हाळ्यासाठी खोबरेलातले १५ ग्रॅम काढून तेवढं कोकमतेल घाला, बाजारात घट्ट गोळ्यांत मिळतं ते, टाचांच्या भेगांना लावायचं. गोव्याकडे त्याला भिरंडेल म्हणतात. ते अंगाच्या उष्णतेच्या आसपासच वितळतं, त्यामुळे डबीत घट्ट राहतं आणि बोटावर मऊ होतं.

यात पाणी नाही म्हणून संरक्षकाची गरज नाही. इथे मात्र ई जीवनसत्त्व अर्धा टक्का घाला, तेल खवट होत नाही. ओलं बोट डबीत घालू नका. ज्वारीच्या दाण्याएवढं घ्या, बोटांवर चोळा, मऊ टूथब्रशने कडेचे केस मागे बसवा. टाळूला लावू नका. धुताना आधी तेल लावून १५ मिनिटं ठेवा, मग शाम्पू. नुसत्या शिकेकाईने मेण निघत नाही, केस राखाडी, चिकट राहतात.

एडिसन, न्यू जर्सी

इथल्या हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा फार कोरडी असते. ग्लिसरीनला ओढायला बाहेर ओलावाच नसतो, म्हणून तेही उपयोगाचं नाही. अशा वेळी कतिरा (पाण्यात फुगणारा एक प्रकारचा डिंक) चांगला. २ ग्रॅम कतिरा २०० मिली गार पाण्यात रात्रभर, सकाळी फेटून नायलॉनच्या कापडातून गाळायचा. उकळायचं नाही. पकड मध्यम, थर जवसाइतका कडक होत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात बँडोलिन नावाचं केस बसवायचं द्रव्य विकत असत, ते कतिऱ्यापासून किंवा बिहीदाण्याच्या (बिही या फळाच्या बियांच्या) चिकापासून करायचे.

दुकानात लाडवांचा डिंक देतात, तो हा नव्हे. तो पाण्यात बराचसा विरघळून चिकट पाणी होतं आणि वाळल्यावर काचेसारखा तडकतो. कतिरा फुगतो.

सांगली

तांदळाची पेज, अरारूट, कॉर्नफ्लोअर यांचं जेल करून बघणाऱ्यांसाठी एकच सूचना: त्याच दिवशी संपवा. पिष्टाचं जेल गार झालं की त्यातले रेणू पुन्हा एकमेकांना धरतात आणि पाणी बाहेर फेकतात. दुसऱ्या दिवशी बरणीत वर पाणी, खाली रबर. साडीला खळ म्हणून ठीक आहे, केसांना नको.

कोरफडीचंही लिहिते. पान कापलं की १५ मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या. खाज त्यानेच सुटते. गर मिक्सरमधून काढून गाळला नाही तर धागे वाळून कणांसारखे दिसतात. नुसत्या गराला पकड नाही. १०० ग्रॅमला झँथन गम (घट्टपणा आणणारी पूड) पाऊण ग्रॅम. पूड थेट गरावर टाकली की माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात, त्या कधीच सुटत नाहीत. आधी एक चहाचा चमचा ग्लिसरीनमध्ये पूड कालवा, मग गर हळूहळू घालत फेटा. मालवणच्या ताईंचं ग्लिसरीनबद्दलचं म्हणणं इथेही लागू आहे, हे पावसाळ्यात करू नका. फ्रिजमध्ये ४-५ दिवस, गुलाबी-तपकिरी व्हायला लागलं की टाका.

मुंबई, दादर

पातळ सरळ केसांना वरची सगळी जेलं जड होतात. त्यांना मिठाचा फवारा: १ कप कोमट पाण्यात १ चहाचा चमचा मीठ पूर्ण विरघळवायचं, अर्धा चमचा जवसाचं जेल घालायचं. ओलसर केसांवर, मुळांपासून २ बोटं सोडून ६-८ फवारे. आठवड्यातून दोनदाच, मीठ केस कोरडे करतं. रंगवलेल्या केसांना नको. फवाऱ्याच्या तोंडात मीठ साचतं, वापरून झाल्यावर साध्या पाण्याचे २-३ फवारे मारून ठेवा.

लिंबू उकळून करायचा फवारा बऱ्याच ठिकाणी सांगतात. तो करू नका. लिंबाचा, विशेषतः सालीचा अंश कपाळाला, मानेला लागून वर ऊन पडलं की कातडी लाल होते, काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. साखरेच्या पाण्याने पकड येते, १ कपाला १ चहाचा चमचा, पण घामाबरोबर ती चिकटते आणि उशीला मुंग्या लागतात.

कोणतंही नवीन मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा. डबीवर तारीख लिहायची ती केल्याची, आणि तिच्याखाली टाकून द्यायच्या दिवसाची.