शनिवार पेठेतील पुरात पडलेल्या वाड्याची जागा कशी शोधावी?

प्रश्न : इंदूरवासी

माझ्या आईची मावशी १९६१ पर्यंत पुण्यात शनिवार पेठेतील एका वाड्यात भाडेकरू म्हणून राहत होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या पुरात तो वाडा पडला. मावशीआजी वाचली, कारण पाणी दिवसाउजेडी आले व शेजाऱ्यांनी तिला वेळेवर बाहेर काढले. पुढे तिला गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत जागा मिळाली आणि तिथेच ती वारली. आमच्याकडे तिची दोन पोस्टकार्डे उरली आहेत. त्यांवर पाठवणाराचा पत्ता ‘शनिवार पेठ, पुणे २’ एवढाच वाचता येतो. घराचा आकडा पाण्याने पुसला गेला आहे.

माझी आई लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरहून तिथे जात असे. आज ती ऐंशीच्या पुढे आहे, पण त्या रस्त्याविषयी बोलू लागली की तिला थांबवावे लागते. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरले की डाव्या हाताला आड, चौकात नळकोंडाळे आणि त्याच्या कडेला घासून घासून खड्डा पडलेला एक दगड, ज्यावर बायका भांडी घासत, हे सारे ती सांगते. वाड्यासमोरून प्रेतयात्रा जात आणि तेवढा वेळ मुलांना आत बोलावले जाई. पहाटे ओंकारेश्वराची घंटा ऐकू येई. वीराच्या मारुतीला शनिवारी तेल घालायला जाताना रस्ता ओलांडावा लागत असे. मालकांचे आडनाव मात्र तिला आठवत नाही. त्या वाड्याला सगळे ‘निळ्या दाराचा वाडा’ म्हणत.

एवढ्या माहितीवरून ती जागा नेमकी ओळखता येईल का? आईला एकदा तिथे नेऊन उभे करावे, इतकीच इच्छा आहे. नगर भूमापन कार्यालयात मावशीआजीच्या यजमानांच्या नावाने शोध घेतला, परंतु काहीही हाती लागले नाही.

उत्तर : पेठेतला रहिवासी

नगर भूमापनात त्यांचे नाव सापडणार नाही, आणि त्यात तिथल्या कर्मचाऱ्यांचा काही दोष नाही. मिळकत पत्रिकेवर जागेच्या मालकाचे नाव असते, भाडेकरूचे नसते. पेठांतील बहुसंख्य बिऱ्हाडे भाड्याचीच होती, त्यामुळे नावावरून जागेकडे जाण्याचा हा मार्ग आपल्यासाठी बंद आहे. आपल्याला उलट दिशेने, म्हणजे आधी जागा ठरवून मग मालकाचे नाव काढावे लागेल. त्यासाठी आपल्या मातोश्रींच्या आठवणी आपण समजता त्याहून अधिक उपयोगी आहेत.

सर्वांत मोलाची आठवण प्रेतयात्रांची आहे. वैकुंठ स्मशानभूमी सुरू होण्यापूर्वी शहरातील अंत्यसंस्कार ओंकारेश्वराजवळच्या नदीकाठी होत असत. सदाशिव, नारायण, बुधवार अशा वेगवेगळ्या पेठांतून निघालेल्या यात्रा वेगवेगळ्या रस्त्यांनी येत, पण शेवटच्या टप्प्यात त्या मोजक्याच रस्त्यांवर एकत्र होत. मुलांना आत बोलवावे लागण्याइतकी वर्दळ ज्या घरापुढे होती, ते घर त्या शेवटच्या टप्प्यावर असणार. त्यात घंटेचा आवाज आणि वीराचा मारुती जोडला, तर शोधाचा परिसर बराच आक्रसतो.

आता आईंना पत्ता विचारू नका, चालणे विचारा. वाड्याच्या दारात रस्त्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर यात्रा कोणत्या हाताकडून कोणत्या हाताकडे जात? ओसरीवर सकाळचे ऊन येई की संध्याकाळचे? नदीकडे जाताना उतार वाड्यापासूनच सुरू होई की थोडे पुढे गेल्यावर? अप्पा बळवंत चौकातून प्रभात चित्रपटगृहावरून घरी येताना शेवटचे वळण कोणत्या हाताला होते? माणसाला आकडे आठवत नाहीत, पण डावे-उजवे सहसा पक्के राहते. मात्र हे प्रश्न एका बैठकीत विचारू नयेत, कारण थकलेले माणूस समोरच्याला बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हणू लागते. त्यांच्यासमोर आजचा नकाशाही ठेवू नका. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चे आहे आणि भिडे पूल तर त्याहून पुष्कळ अलीकडचा. अशा खुणांमुळे त्यांचा गोंधळ होईल. त्यांच्या डोक्यातील नकाशात लकडी पूल आणि नवा पूल (म्हणजे शिवाजी पूल; तो नावानेच नवा) असतील, तेवढेच राहू द्यावेत.

उत्तर : दप्तरवाचक

वरील सूचनांशी सहमत आहे, परंतु भाडेकरूचा माग कागदांत अजिबात राहत नाही, असे मात्र नाही. जन्म-मृत्यूची नोंद घर कोणाच्या मालकीचे आहे ते पाहत नाही. पुणे नगरपालिकेची महानगरपालिका फेब्रुवारी १९५० मध्ये झाली. आपल्या मावशीआजींच्या घरात त्यानंतर कोणी जन्मले किंवा वारले असेल, तर महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात अर्ज करावा. नाव आणि अंदाजे वर्ष दिले म्हणजे शोध घेता येतो, आणि नोंदीत राहण्याचा पत्ता असतो. गोखलेनगरची जागा त्यांना पूरग्रस्त म्हणून मिळाली, त्यामुळे त्या वाटपाच्या कागदांतही मूळ घराचा उल्लेख असण्याची शक्यता मोठी आहे. तरीही सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून करावी. तो मार्ग जवळचा आहे.

इंदूरवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आईला थोडे थोडे करून विचारले. यात्रा उजव्या हाताकडून येत आणि डाव्या हाताला नदीकडे जात, याविषयी तिला तिळमात्र शंका नाही. सकाळचे ऊन ओसरीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येई आणि तिथे सांडगे वाळत घातलेले असत. उतार वाड्यापासून नव्हता. थोडे पुढे गेल्यावर लागे. शेवटच्या वळणाविषयी ती दोनदा दोन वेगळी उत्तरे देते, म्हणून ते मी सोडून दिले आहे.

मावशीआजीचे यजमान १९५८ च्या पावसाळ्यात त्याच वाड्यात वारले, हे आईला नक्की आठवते, कारण त्या वर्षी दिवाळीला मावशी इंदूरला आली नव्हती. महानगरपालिकेकडे त्या नोंदीसाठी अर्ज पाठवत आहे.

उत्तर : पेठेतला रहिवासी

म्हणजे बाजू ठरली. अप्पा बळवंत चौकाकडून ओंकारेश्वराकडे येणारा रस्ता साधारण वायव्येला जातो. दारात उभे राहून नदी डावीकडे आणि ओसरीवर सकाळचे ऊन, याचा अर्थ घराचे तोंड ईशान्येला होते आणि घर रस्त्याच्या केसरीवाड्याकडील अंगाला होते. दोन वेगळ्या आठवणींतून एकच दिशा निघते, म्हणून मला ती विश्वासार्ह वाटते. तो वाडा एखाद्या आडव्या बोळात असता, तर हे दोन्ही एकाच वेळी जुळले नसते.

मृत्यूच्या नोंदीत घराचा आकडा मिळाला तर एक काळजी घ्यावी. पेठांत ‘अमुक शनिवार पेठ’ असा जो पत्ता लिहितात, त्यातील आकडा बहुधा नगर भूमापन क्रमांक असतो, परंतु जुन्या कागदांवर कधी कधी नगरपालिकेचा घरक्रमांक असतो आणि तो वेगळा असू शकतो. त्या आकड्याची जागा नकाशावर याच अंगाला पडते का, हे आधी पाहावे. पडत नसेल, तर आकडा चुकीचा म्हणण्याऐवजी तो घरक्रमांक समजून कर आकारणीच्या जुन्या नोंदी पाहाव्यात. तिथे काही वेळा मालकाबरोबर भोगवटादाराचेही, म्हणजे प्रत्यक्ष राहणाराचेही, नाव लिहिलेले आढळते. वाडा पडला तरी जागेचा भूमापन क्रमांक सहसा कायम राहतो आणि नव्या इमारतीच्या पत्त्यातही तोच चालत येतो. मिळकत पत्रिकेवर फेरफारांच्या तारखा असतात, तेव्हा १९६१ नंतर लवकरच विक्री झालेल्या मिळकतींकडे विशेष लक्ष द्यावे. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात बसल्यावर मालकाच्या हाती जोते आणि तुळया एवढेच उरत असे, आणि पुन्हा बांधण्याची ऐपत सर्वांची नव्हती.

उत्तर : जोशीबुवांची नात

पुराच्या वेळी मी सात वर्षांची होते आणि आम्ही नारायण पेठेत राहत होतो. निळ्या दाराचा वाडा मला माहीत नाही, परंतु एक सुचवावेसे वाटते. त्या रस्त्यावरील मंडळांचे जुने कार्यकर्ते आणि देवळांचे पुजारी यांना भेटावे. वर्गणी मागत घरोघर फिरलेल्या माणसाला वाडे मालकांच्या नावाने नव्हे, तर अशाच टोपणनावांनी आठवतात.

दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे. जागा ठरल्यावर तिथल्या आजच्या रहिवाशांना किंवा मालकांच्या वारसांना एकदम भेटायला जाऊ नका. आधी पत्र पाठवा. आमच्या भागात जुन्या वाड्यांच्या मालक-भाडेकरूंचे दावे वर्षानुवर्षे चाललेले आहेत. कोणी जुन्या भाडेकरूचा नातेवाईक म्हणून मृत्यूचा दाखला हातात घेऊन दाराशी उभा राहिला, तर समोरचा माणूस प्रथम वकिलाला फोन करतो. आमच्याही एका नातेवाइकाला असा अनुभव आला आणि त्याला पायरीवरूनच परत पाठवले गेले. म्हणून पत्राच्या पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहावे की जागेवर आपला कोणताही हक्क किंवा मागणी नाही, वृद्ध आईला तो रस्ता दाखवायचा आहे. सोबत पोस्टकार्डाची छायाप्रत जोडावी; दाखला जोडू नये.

इंदूरवासी

पत्राचा मसुदा आजच करून ठेवतो. अर्जाचे उत्तर आले की आकडा येथे कळवीन. पेठेतील रहिवाशांनी तो नकाशावर त्याच अंगाला पडतो का, एवढे पाहून सांगितल्यास आईच्या प्रवासाची तयारी करता येईल. तिला पायऱ्या चढवत नाहीत, त्यामुळे उतरण्याची सोयही त्या रस्त्याच्या जवळपासच पाहावी लागेल.