रविवारची निर्मळ–गास पायपीट: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सी-४०२: रविवारी नालासोपारा पश्चिमेला चालायला जायचंय ना? निर्मळ, वाघोली, गास असं ठरलंय. नावं द्या पटापट. रेल्वेचा जम्बो ब्लॉक नाहीये, बघून घेतलंय.

ए-१०१: दोघे. पण चालायचं म्हणजे किती? माझा गुडघा विचारतोय.

सी-४०२: सपाट रस्ता आहे काका. निर्मळपर्यंत बसनेच जायचं.

बी-३०४: निर्मळ म्हणजे जिथे कार्तिकात यात्रा भरते तेच ना? सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी घ्यायला गेलो होतो. गर्दीत तळंसुद्धा धड दिसलं नाही.

सी-४०२: तेच काकू. कार्तिक वद्य एकादशीची यात्रा. आता तिथे शांत असेल. तळं, शंकराचार्यांचं समाधी मंदिर आणि जवळच होली क्रॉस चर्च, सगळं निवांत बघता येईल.

डी-२०३: गास माझं माहेर, म्हणून जरा लांबण लावते. सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना असते. तेव्हा चर्चच्या दारात घोळका करून सेल्फी नकोत. संपली की खुशाल आत या, कोणी अडवत नाही. गासचं चर्च संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचं. ते मूळचे वसईचे, १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रूसावर मारलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पंचक्रोशीत, लहान पोरंही हे घडाघडा सांगतात. पण खरं बघायचं असेल तर वाड्यांमधून चला. बावखल बघा. हाताने खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, त्याला बांधीव काठ नसतो, कडेला उंबर नाहीतर करंज वाकलेला असतो. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि जमिनीत मुरतं, म्हणून समुद्र इतका जवळ असून आमच्या विहिरी गोड राहिल्या. केळी, पानवेल, मोगरा, सगळं त्याच्याच जिवावर. आता कित्येक बावखलं भराव टाकून बुजवलीत, वर बिल्डिंगी उभ्या आहेत. आमच्या घरामागचं अजून आहे, तिथे नेईन.

ए-१०१: वा! आपण टँकरचं पाणी पितो ते तिकडूनच येत नव्हतं ना कधी?

डी-२०३: काका, ह्यावरूनच तर तिकडे आंदोलन पेटलं होतं. टँकर आणि बिल्डर, दोन्हींच्या विरोधात. हरित वसईचं. फादर दिब्रिटो पुढे होते, तेच २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

सचिव: सर्वांना विनंती, टँकर शनिवारी संध्याकाळी येईल. मेसेज वर गेला म्हणून पुन्हा टाकतोय.

ए-१०१: 😄 वेळ साधलीत!

ई-५०१: जातोच आहोत तर सोपाऱ्याचा स्तूपही घ्या ना. बुरुड राजाचा कोट म्हणतात तो. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ ला उत्खनन केलं होतं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला.

सी-४०२: दादा, परतीच्या वाटेवर. पण उन्हाआधी पोचलो तरच. गेल्या वेळी तुम्ही एकेका दगडापाशी अर्धा तास थांबला होतात.

ई-५०१: दगड बोलत होते, मी काय करू!

बी-३०४: वाडीत शिरलेलं चालतं का? कोणी ओरडलं तर?

डी-२०३: हाक मारून विचारायचं, "आत येऊ का?" बहुतेक जण या म्हणतील. फुलं मात्र तोडायची नाहीत. मोगरा पहाटे खुडतात तो बाजारासाठी, देवासाठी दोन म्हणूनही नको. आणि काकू, खाऊची रिकामी पाकिटं बावखलात टाकाल तर मी माहेरी तोंड दाखवू शकणार नाही.

बी-३०४: अगं मी कशाला टाकतेय! माझा नातू टाकेल, त्याला तूच दटाव.

सी-४०२: बरं, ठरलं. सकाळी साडेसहाला गेटवर. पाण्याची बाटली आपापली. नाश्ता तिकडेच, जो मिळेल तो. आता वाहनतळाचा विषय सुरू करू नका कोणी.

एफ-१०२: चप्पल चालेल का?

डी-२०३: चालेल. पण वाटेत कुठे चिखल असला तर अनवाणी चालायची तयारी ठेवा.

एफ-१०२: मग बूटच घालते. आमचे तिघे धरा.