गाठ लहान आहे. स्तन राखावा की काढावा?

इंदूरची लेक
माझ्या आईच्या (वय 61) डाव्या स्तनात 1.8 सेंमी.ची एक गाठ निघाली असून बायोप्सीत कर्करोगाचे निदान झाले आहे. काखेतल्या ग्रंथींत सोनोग्राफीला काही दिसले नाही. येथील एका सर्जननी पाच मिनिटांत दोन पर्याय सांगितले, गाठ काढून रेडिएशन किंवा संपूर्ण स्तन काढणे, आणि "परवा दाखल व्हा" म्हणून मोकळे झाले. रामबागेतले मामा म्हणतात, "मुळासकट काढून टाका, जिवाला घोर नको." आई काहीच बोलत नाही, रिपोर्टची घडी घालते, पुन्हा उलगडते. ज्यांनी हा निर्णय घेतला आहे, त्यांनी तो कशाच्या आधारावर घेतला?

सुमनताई
सहा वर्षांपूर्वी मीही याच प्रश्नापाशी अडले होते. मामांची काळजी खरी, परंतु समजूत जुनी आहे. मिलानमध्ये डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी 1973 ते 1980 या काळात 2 सेंमी.पर्यंतच्या गाठी असलेल्या 701 स्त्रियांवर या दोन पद्धती तपासल्या. वीस वर्षांनंतरही जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही; त्याच जागी रोग उलटला तो मात्र स्तन राखून रेडिएशन घेतलेल्यांपैकी 30 जणींत आणि संपूर्ण स्तन काढलेल्यांपैकी 8 जणींत. मी स्वतः स्तन काढून घेतला, तो भीतीने नव्हे, तर माझ्या स्तनात एकमेकींपासून दूर अशा दोन गाठी होत्या म्हणून. तेव्हा परवाची तारीख सरळ पुढे ढकलावी. ईआर, पीआर आणि हर-टू (गाठ कोणत्या औषधांना दाद देईल, हे सांगणाऱ्या बायोप्सीवरील तपासण्या) यांचे रिपोर्ट हाती घेऊन दुसऱ्या कर्करोग-सर्जनचे मत घेण्यात आठ-दहा दिवस गेले, तर सहसा काही बिघडत नाही.

देवासकर
माझ्या पत्नीने स्तन राखला. रेडिएशनसाठी आम्ही तीन आठवडे, रविवार सोडून, रोज इंदूरला येत होतो. हे झेपेल का, ते आधीच पाहावे. काढलेल्या तुकड्याच्या कडेला रोग आढळल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, हेही आम्हांला उशिरा कळले.

इंदूरची लेक
आपले दोन्ही प्रतिसाद आईला वाचून दाखवले. चार दिवसांत ती प्रथमच बोलली: "माळ्यावरचे डबे काढायला हात वर जाईल ना?"

सुमनताई
प्रश्न अगदी नेमका आहे, आणि तो स्तनापेक्षा काखेशी निगडित आहे. सर्जनना विचारा की निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिल्या दोन-चार ग्रंथी शोधून तपासण्याची सोय त्यांच्याकडे आहे का. त्यांत रोग नसेल, तर काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत आणि हाताला सूज येण्याचा धोका बराच कमी होतो. माझ्या तर सगळ्या काढल्या होत्या. ड्रेनची (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीची) बाटली जुन्या नऊवारीच्या पिशवीत घालून, गळ्यात अडकवून मी घरभर फिरत असे. भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम नेटाने केला, आणि तीन महिन्यांनी लोणच्याची बरणी फळीवरून मीच उतरवली.