'लोभ असावा' मधला लोभ आणि 'लोभ ही मूर्तिपूजा' मधला लोभ एकच का?

नगरची लेक:
आईच्या ट्रंकेत आजीची जुनी अंतर्देशीय पत्रं सापडली. सगळ्यांची सुरुवात 'ख्रिस्तात सलाम' आणि शेवट 'लोभ असावा ही विनंती'. आणि नेमकं त्याच रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला बायबलमधलं कलस्सैकरांस पत्र ३:५ घेतलं, तिथे प्रेषित पौल म्हणतो की लोभ ही मूर्तिपूजाच आहे. मी तिथेच अडकले, पुढचं काही ऐकूच आलं नाही. आजी जन्मभर ज्याची विनंती करत आली त्यालाच पौल मूर्तिपूजा म्हणतोय का? शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्याबद्दल नाही विचारत मी, आपल्याच घरातल्या लोभाबद्दल विचारतेय. कोणी नीट सांगेल का?

ग्रीकचा विद्यार्थी:
ताई, शब्द एकच आहे, अर्थ दोन. संस्कृत लुभ् म्हणजे ओढ लागणं, इंग्रजीतलं लव्हसुद्धा याच मुळातलं. मराठीत दोन्ही बाजू टिकल्या, म्हणून 'बाळ लोभस आहे' पण म्हणतो आणि 'लोभी माणूस' पण म्हणतो. पौलाने मात्र तिथे ग्रीक शब्द वापरलाय प्लेओनेक्सिया, 'प्लेओन' म्हणजे जास्त आणि 'एखो' म्हणजे जवळ असणं, थोडक्यात आहे त्याहून जास्त आपल्याकडे पाहिजे ही वृत्ती. आपल्याकडे याला हाव म्हणतात. पण मला विचाराल तर लोभ हाच शब्द बरोबर बसतो, कारण हाव म्हटलं की आपल्याला दुसऱ्याचीच दिसते आणि लोभात प्रेमही आहे. माणूस मूर्तीपुढे वाकतो तो बहुतेक वेळा प्रेमानेच, मुलाच्या मार्कांच्या, घराच्या, नोकरीच्या प्रेमाने, आणि या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत.

वसईकर:
आम्हा कॅथलिकांना हा प्रश्न नेहमी ऐकावा लागतो की तुमच्या चर्चमध्ये तर पुतळे आहेत, मग? आम्ही त्यांची पूजा करत नाही, मान देतो, पण तो विषय वेगळा. आमच्या चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २११३ मध्ये मूर्तिपूजेच्या खाली सत्ता, सुखविलास, वंश, पूर्वज, राज्यसंस्था, पैसा अशी यादीच दिलीय. यातल्या एकाचाही पुतळा लागत नाही. मला तर वाटतं की पुतळा निदान समोर दिसतो, खरा धोका जो दिसत नाही त्याचा आहे.

निफाडकर:
मी शेतकरी माणूस, ग्रीक येत नाही, पण 'भाव' या शब्दावर बोलतो. नीतिसूत्रे ३:५ मध्ये आहे ना, मनापासून परमेश्वरावर भाव ठेव. लहानपणी पाठ केलेलं. आता माझं खरं सांगतो, मागच्या वर्षी चाळीत कांदा भरलेला होता आणि उपासनेत उभा राहून गीत म्हणत होतो, ओठ गीत म्हणत होते आणि डोक्यात सोमवारी लासलगावला काय भाव निघेल हेच चाललं होतं, क्विंटलचे गुणाकार सुद्धा झाले, आणि त्याच वेळी वाचनात हेच वचन आलं, भाव ठेव. अंगावर काटा आला राव. दोन्ही भावच, पण माझा कुठे ठेवलेला होता ते मला कळलं. कांदा विकायचा तर भाव बघावाच लागतो, ते पाप नाही. पण त्या दिवशी कोणी विचारलं असतं की तुझी झोप कोणाच्या हातात आहे, तर उत्तर प्रभू नसतं आलं.

ग्रीकचा विद्यार्थी:
दादा, काळजाला लागलं हे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत दहा आज्ञांपैकी पहिल्या आज्ञेखाली हेच मांडलंय की तुझं मन ज्याला धरून बसलंय तोच खरा तुझा देव. आणि मत्तय ६:२४ मध्ये आपण 'धन' वाचतो, तिथे मुळात अरामी शब्द 'मामोन' आहे. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो 'अमन' या धातूवरून आला, म्हणजे ज्यावर विसंबावं ते. आपलं 'आमेन' त्याच धातूचं! म्हणजे बँकेचं पासबुक उघडून आकडा पाहिला आणि हायसं वाटलं तर ते पण मनातल्या मनात एक आमेनच झालं.

नगरची लेक:
हे वाचून किती वेळ नुसती बसून राहिले. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मी रोज प्रार्थना करत होते पण दर तासाला मेडिक्लेमचा मेसेज आला का ते बघत होते, आणि मेसेज आल्यावर जो सुटकेचा श्वास सोडला तसा प्रार्थनेनंतर कधी सोडला नव्हता. विमा काढला ते बरोबरच केलं, आजही काढेन. पण मदार? मदार हा अरबी शब्द, ज्याच्याभोवती सगळं फिरतं तो आस. माझे ते आठ दिवस त्या मोबाईलभोवती फिरले.

वसईकर:
ताई, तुमच्याकडे जुनी माणसं 'भरवसा' म्हणायची का 'भिस्त'? आमच्याकडे भिस्त फार कमी ऐकू येतं.

नगरची लेक:
आत्ताच पत्रं परत काढून बघितली, भिस्तच आहे. ७२ च्या दुष्काळातलं पत्र आहे, शाई पसरलीय पण वाचता येतं: 'घरात दोन पायली बाजरी आहे. यांना खडी फोडायच्या कामावर घेतले. भिस्त प्रभूवर. येताना मुलांना सदरे आण, जमले तर. लोभ असावा.'