उत्तर: एम४२ लेन्स आणि अनंतावरचा फोकस

निकॉनच्या डीएसएलआरवर एम४२ (४२ मिमी आट्यांच्या, जुन्या) लेन्समधून दौलताबादचा किल्ला लांबून धूसरच येतो, असं वर एकाने लिहिलंय. भाऊ, त्यात लेन्सचा दोष नाही. एम४२ लेन्सला बैठकीपासून (लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जागा) सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं, निकॉनचं आहे ४६.५. लेन्स एवढी मिलिमीटरभर दूर राहिली की अनंतावरचा, म्हणजे खूप लांबच्या गोष्टींवरचा, फोकस जातो. मध्ये भिंग असलेला अडॅप्टर मिळतो, पण स्वस्तातला घेतला तर चित्राची धारच जाते. त्यापेक्षा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्या. सोनीच्या ई-माउंट बैठकीचं अंतर १८ मिमी, त्यामुळे साधी पोकळ नळी पुरते.

माझ्याकडे सोव्हिएत इंडस्टार-६१ एल/झेड आहे, ५० मिमी, एफ २.८. तिची खरी गंमत एफ ५.६ ते ८ च्या दरम्यान: प्रकाश आत सोडणारं छिद्र चांदणीच्या आकाराचं होतं. पाणचक्कीच्या हौदात पडणारं पाणी उन्हात मागे धूसर ठेवा, प्रत्येक थेंबाची चांदणी होते. पूर्ण उघडी ठेवली तर ही जादू नाही, उगाच एफ २.८ च्या मागे लागू नका.

मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा, नाहीतर कॅमेरा ढिम्म. बॉडीत स्थिरीकरण (हात हलला तरी चित्र सांभाळणारी सोय) असेल तर फोकल लेंथ ५० हाताने भरा. आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात हूड (लेन्सपुढची सावलीची कडी) लावाच, समोरून ऊन आलं की सगळं पांढुरकं होतं.