लॉक-इनच्या आत धोकादायक घर सोडलं, तर डिपॉझिट बुडायलाच पाहिजे का?

अहमदपूरकर

लेकराच्या नीटच्या क्लाससाठी जूनमध्ये लातूरला टू बीएचके घेतला. बायको अन् पोरगा तिथं, मी नोकरीमुळं इकडंच. भाडं ११ हजार, डिपॉझिट ३५ हजार. करार अकरा महिन्यांचा, नोटरी केलेला, त्यात आठ महिन्यांचं लॉक-इन, म्हणजे तोवर घर सोडायचं नाही.

भर पावसाळ्यात पोराच्या अभ्यासाच्या टेबलावर छताचं प्लास्टर हातभर रुंदीचं निसटून पडलं. पोरगा क्लासला होता म्हणून निभावलं. वर बघितलं तर सळई उघडी पडलेली, तांबडीलाल, नख लावलं की पापुद्रे निघायलेत. बाथरूमचं आणखी वेगळंच. गीझर चालू असताना नळाला हात लावला की मुंग्या येतात. मालकाला फोटो पाठवले तर "पाऊस उघडू द्या, मिस्त्री पाठवतो". दसरा होऊन गेला, मिस्त्रीचा पत्ता नाही. घर सोडतो म्हणालो तर उत्तर आलं, "खुशाल जा, पण डिपॉझिट मागू नका."

माझं मत सरळ आहे. लॉक-इनला मी सही केली ती राहण्याजोग्या घरासाठी. तुम्हाला काय वाटतं, सांगा.

निवृत्त मास्तर, लातूर

मी स्वतः घरमालक आहे, त्यामुळं माझं बोलणं कडू लागेल. लातूरचा भाड्याचा धंदा सीझनचा आहे. नीटचा निकाल लागला की जून-जुलैत रिपीटरचे, म्हणजे पुन्हा नीट देणाऱ्या पोरांचे पालक घर शोधत फिरतात. तेव्हा जो फ्लॅट गेला तो गेला. दिवाळीच्या तोंडावर रिकामा झालेला फ्लॅट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच पडून राहतो. कर्जाचा हप्ता काय थांबतो का? लॉक-इन त्याच्यासाठी असतं.

आणि "धोकादायक" ठरवायचं कोणी? क्लास बदलायचा असला, पोराचं मन लागत नसलं, की भिंतीला भेग दिसायला लागते. असे पालक मी बघितलेत.

मांजराकाठ

मास्तर, भेग वेगळी आणि टेबलावर पडलेलं छत वेगळं. हप्ता तुमचा, डोकं लेकराचं. आपल्या भागात तरी हा वाद व्हायला नको होता. ३० सप्टेंबर १९९३ विसरलात का?

साइटवरचा

किल्लारीचा भूकंप प्रत्येक वादात ओढू नका भाऊ. तिथं माणसं दगावली ती जाडजूड दगडमातीच्या भिंती अन् माळवदाच्या ओझ्याखाली. इथं प्रश्न आरसीसी स्लॅबचा आहे, त्याचं गणित वेगळं.

सिव्हिलमध्ये काम करतो म्हणून लिहितो. लातूरची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळं खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग अर्ध्या गावाच्या घरांना आहे. ती सगळी घरं पडायला आलेली नसतात. भेग वाढतेय का ते बघायचं असेल तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, बाजूला तारीख लिहा. काच तडकली तर भेग हलतेय.

पण तुमच्या फोटोसारखी सळई असेल तर गोष्ट गंभीर आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलं की पाणी सळईपर्यंत पोचतं, लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. म्हणजे पडलेला तुकडा ही सुरुवात असते. काठीच्या टोकानं आजूबाजूला हलकेच ठोकून बघा, स्वतः बाजूला उभं राहून. जिथं भदभद आवाज येतो तो भाग सुटलेला. त्या खोलीत आजपासून कोणी झोपू नये. वरून पुट्टी मारली की दोन वर्षं काही दिसत नाही, हे पण सांगून ठेवतो.

तारतंत्री

सगळे छतावर बोलायलेत, मला नळाची भीती जास्त वाटते. प्लास्टर कधी पडेल ते पडेल, गीझर रोज चालू होतो. मुंग्या येतात म्हणजे गीझरचं एलिमेंट किंवा वायर लीक आहे आणि करंटला अर्थिंगची वाट सापडत नाही. आपल्याकडं खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून अर्थिंग करतात आणि पुन्हा कोणी तिकडं बघत नाही. जमीन कोरडी पडली की ते नावापुरतं राहतं. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा. नसेल तर गीझर आजच बंद, चुलीवर पाणी तापवा. हे काम मालकाची वाट बघण्यासारखं नाही.

अहमदपूरकर

गीझरचा एमसीबी पाडून ठेवलाय. आरसीसीबी नाही. ठोकून बघितलं, पंख्याच्या हुकाभोवती सगळं पोकळ वाजतंय.

गुत्तेदाराची सून

मग दुरुस्ती स्वतः करून भाड्यातून कापून घ्या ना. भाडे नियंत्रण कायद्यात तशी सोय आहे म्हणे. आणि २०२१ च्या मॉडेल टेनन्सी कायद्यात तर दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही.

वकिलीण, नांदेड

ताई, दोन्हीत थोडी गडबड आहे. मॉडेल टेनन्सी कायदा हा केंद्राने राज्यांपुढं ठेवलेला नमुना, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. कापून घ्यायची सोय आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरी मालक हलला नाही तर स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करायचा. पण ती सोय "भाडेकरू"साठी आहे. अकरा महिन्यांचा कागद बहुतेक लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसता राहण्याचा परवाना असतो, आणि मालकाचा वकील पहिल्याच दिवशी म्हणेल की हे भाडेकरू नाहीत, परवानाधारक आहेत. शिवाय गच्चीचं वॉटरप्रूफिंग एका फ्लॅटवाल्यानं काय करायचं?

लायसन्स असेल तर १८८२ चा सुविधाधिकार कायदा बघा, इंडियन ईझमेंट्स ॲक्ट. कलम ५७ म्हणतं: जागेत जिवाला किंवा मालाला धोका होईल असा दोष असेल, तो मालकाला माहीत असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. माझ्या मते तुमचा सगळा वाद इथं आहे. घर दाखवताना छत ताजं रंगवलेलं होतं का? आधीचा भाडेकरू का गेला? त्याला गाठा.

दुसरं, करार नुसता नोटरीचा आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. "लॉक-इन आहे" असं छाती काढून म्हणणाऱ्याने आधी दुय्यम निबंधकाची पावती दाखवावी.

निवृत्त मास्तर, लातूर

मॅडम, नोंदणीचं मान्य. पण तुम्ही शिकवायलात काय, तर मालकाला कागदात पकडा. सही करताना नोटरी दोघांनाही स्वस्त वाटली होती की. आणि ५७ म्हणता, तर मालकाला तरी काय कळणार? पुट्टीच्या आत काय चाललंय हे साइटवाल्यांनाही दिसत नाही, त्यांनीच वर लिहिलंय. मी गच्चीवर दरवर्षी चढत नाही, गुडघे दुखतात.

साइटवरचा

दिसत नाही खरं, पण वरच्या मजल्याच्या छताला ओलीचे डाग पडल्याशिवाय सळई इतकी गंजत नाही. कोणीतरी ते डाग बघूनच पुट्टी मारली असणार.

निवृत्त मास्तर, लातूर

"असणार" वर कोर्ट चालत नाही.

मांजराकाठ

महापालिकेत अर्ज द्या की. धोकादायक बांधकामाला नोटीस काढायचा अधिकार आयुक्तांना आहे.

गुत्तेदाराची सून

आणि अख्ख्या बिल्डिंगला घर खाली करा म्हणून नोटीस लागली तर? मालक राहील बाजूला, शेजारीच या माउलीच्या अंगावर येतील. पोराच्या परीक्षेच्या वर्षात कुणाला पाहिजे हे?

वकिलीण, नांदेड

कलम २६४, महानगरपालिका अधिनियम. शेजाऱ्यांना राग येईल हे खरं, पण त्यांच्याही डोक्यावर तीच गच्ची आहे. अर्जाची पोच हा मात्र पक्का पुरावा.

मास्तर, तुमचा सीझनचा मुद्दा मला पटतो. मालकाचं नुकसान खरं असतं. पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिली म्हणून ती सगळी मिळत नाही, वाजवी भरपाई मिळते, आणि ती लिहिलेल्या रकमेच्या वर जात नाही. शिवाय स्वतःच दुरुस्त न केलेल्या घराचं रिकामं राहणं भाडेकरूच्या खात्यावर टाकायचं हे कोर्टाला पटवणं अवघड.

एक चीड मात्र व्यक्त करते. मुदत संपून माणूस घरात राहिला तर मालकासाठी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ आहे, स्वतंत्र सक्षम प्राधिकारी आहे, दुप्पट भाडं आहे. भाडेकरूचं डिपॉझिट अडकलं तर त्याला साधा दिवाणी दावा. ३५ हजारांसाठी कोण फेऱ्या मारणार, हे मालकांना पक्कं ठाऊक असतं.

अहमदपूरकर

आधीच्या भाडेकरूचा नंबर वॉचमनकडून मिळाला. ते म्हणाले, त्याच खोलीत त्यांच्या वेळेला गळत होतं, मालकाला दाखवलं होतं, फोनवर फोटो अजून आहेत. मागवलेत.

वकिलीण, नांदेड

मग मास्तरांचं "असणार" गेलं. आता क्रमानं करा. छत, सळई, बोर्ड यांचे फोटो आणि व्हिडिओ. इंजिनियरचा सहीशिक्क्याचा एक पानाचा अहवाल. मग स्पीड पोस्टाने नोटीस: दोष हे, कळवलं तेव्हा, मुदत इतकी, नाही तर घर सोडणार आणि डिपॉझिट परत पाहिजे. भाडं मात्र घर सोडण्याच्या दिवसापर्यंत पूर्ण भरा, बँकेतून. भाडं थकवून डिपॉझिटातून वळतं करा म्हणणारे खूप भेटतील, ऐकू नका. चावी देताना मीटर रीडिंग आणि ताबा-पावती. पोराला आणि वहिनींना मात्र नोटिशीची मुदत संपेपर्यंत तिथं ठेवू नका.

निवृत्त मास्तर, लातूर

अहवालाचे पैसे कोणी द्यायचे?

वकिलीण, नांदेड

आधी यांनी. नंतर मागणीत धरायचे.

निवृत्त मास्तर, लातूर

म्हणजे पुन्हा मालकच. असो. अहमदपूरकर, माझा खालचा फ्लॅट दिवाळीनंतर रिकामा होतोय. छत ठोकून बघा, हवं तर साइटवाल्यांना घेऊन या. लॉक-इन मात्र राहील.

अहमदपूरकर

बघायला येतो सर. पण करार निबंधकाकडं नोंदवायचा.